नोकरी देणाऱ्यांना नेमके काय हवे असते?

प्रश्न : मी सांगलीत यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. पुढच्या वर्षी कॅम्पस मुलाखती सुरू होतील. आमच्या वर्गातील बहुतेकांच्या मते कोडिंग, चार ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि फाडफाड इंग्रजी एवढ्यावर काम भागते; विषयाचे ज्ञान कोणी विचारत नाही. हे मत कितपत बरोबर आहे? माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाल्यामुळे अधिक चिंता वाटते.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या मित्रांचे निरीक्षण अगदीच निराधार नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या अनेक शाखांच्या विद्यार्थ्यांची एकत्र भरती करतात आणि पहिली चाळणी बहुधा अ‍ॅप्टिट्यूड चाचणीची असते, त्यामुळे मूळ विषय मागे पडल्यासारखा वाटतो.

चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यांत मात्र विषय टाळता येत नाही. समजा, मुलाखतीत तुमच्यापुढे एक ड्रॉइंग ठेवले आणि त्यातील भोकावर ‘२५ एच७’ असे लिहिलेले आहे. त्याचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर या मर्यादेत हवा, हे पाठ असणारे पुष्कळ असतात. पण ‘हे मोजणार कशाने?’ असे विचारताच अनेक जण व्हर्नियरचे नाव घेतात. ज्या साधनाचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर आहे, त्याने ०.०२१ मिलिमीटरची मर्यादा तपासता येत नाही. तिथे बोअर गेज (भोकाचा आतला व्यास बारकाईने मोजणारे साधन) किंवा गो-नो गो प्लग गेज (भोक मर्यादेत आहे की नाही, हे आत घालून तपासण्याचे साधन) लागतो. प्रयोगशाळेत हात काळे केलेल्या विद्यार्थ्याला हे सुचते आणि मुलाखत घेणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते.

इंग्रजीविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, उच्चारांपेक्षा मांडणीला अधिक महत्त्व असते. मशीन का बंद पडले, कोणता उपाय केला आणि काय अजून कळलेले नाही, हे वरिष्ठांना दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे आणि तेच ईमेलमध्ये नेमकेपणाने लिहिता आले पाहिजे. त्यासाठी आपल्या प्रकल्पाचा अर्ध्या पानाचा अहवाल दर आठवड्याला इंग्रजीत लिहून शिक्षकांकडून तपासून घ्या. शॉप फ्लोअरवरच्या ऑपरेटरशी मराठीत मोकळेपणाने बोलता येणे ही तर तुमची जमेची बाजू आहे.

अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्या चौकटीत पदवीधराकडून विषयज्ञानाबरोबरच संघकार्य, संवाद, व्यावसायिक नीती आणि आयुष्यभर शिकण्याची तयारी अपेक्षित आहे; म्हणजे ही कौशल्ये अभ्यासक्रमाबाहेरची नाहीत. तयार प्रकल्प विकत घेणारा विद्यार्थी ती सगळी शिकण्याची संधी एकदम गमावतो, म्हणून तो मार्ग कटाक्षाने टाळा.

प्रमाणपत्रे एक-दोन पुरेत. येत्या सुट्टीत एखाद्या लहान कारखान्याच्या गुणवत्ता विभागात इंटर्नशिप मिळवा. पदवीनंतर मनासारखी नोकरी लगेच मिळाली नाही, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांना विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेता येते. त्यासाठीची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते.