पक्षी घासू नका, आधी काट्यावर ठेवा

काकांनी घानाहून आणलेल्या, मान मागे वळवलेल्या इवल्याशा पितळी पक्ष्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हे खरंच सोनं तोलायचं वजन आहे का, आणि चिंच लावून लखलखीत करावं का. दुसरं आधी सांगतो: कृपा करून घासू नका. हाताळून हाताळून आलेली झिलई गेली की परत येत नाही.

लोक सवयीने ब्राँझ म्हणतात, पण ही वजनं बहुतेक पितळेचीच. घाना आणि कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) मधल्या अकान लोकांत, म्हणजे असांते, बाउले वगैरे, कित्येक शतकं सोन्याची भुकटी हेच चलन होतं. १८८९ मध्ये ब्रिटिशांनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, ते बंद केलं. तोवर व्यापारी छोटा तराजू, भुकटीचे चमचे, डब्या आणि स्वतःची वजनं असा सगळा सरंजाम बाळगायचे. अगदी बारीक तोलाला बिया वापरत. त्यातली ‘दम्मा’ म्हणजे चक्क आपली गुंज! आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे आजीकडून ऐकलेल्यांना ही वजनं परकी वाटू नयेत.

घडवायची रीत पाहण्यासारखी आहे. मधमाश्यांच्या मेणाचा पक्षी करायचा, त्यावर कोळशाची पूड घातलेल्या मातीचे पातळ हात द्यायचे, मग जाड माती. असांते कारागीर धातू वितळवायची मूस साच्यालाच जोडून टाकत. भट्टीत धातू वितळला की सगळं उलटं करायचं, रस आपोआप साच्यात उतरतो. साचा फोडूनच वस्तू निघते, त्यामुळे हुबेहूब दुसरी नाही. कधी मेणाऐवजी खरी भुईमुगाची शेंग किंवा भुंगाच मातीत लिंपायचे. तो जळून गेला की त्याच्या जागी पितळ. शेंगेवरच्या शिरासुद्धा उमटलेल्या असतात, पाहतच राहावं असं काम.

तुमचा पक्षी बहुधा ‘सांकोफा’. मागे राहिलेलं परत जाऊन आणण्यात चूक नाही, असा त्या नावामागच्या म्हणीचा भाव. पण पक्षी म्हणजे अमुक वजन असं ठरलेलं नसे. एकच आकार वेगवेगळ्या वजनांत सापडतो.

आता खरं-खोटं. पर्यटकांसाठी नकला खूप झाल्या, आजही होतात. अस्सल वजनं सहसा दीड-दोन इंचांच्या आत, कडा हाताने गुळगुळीत झालेल्या. पक्षी उलटा करून पाहा. वजन कमी भरलं तर कारागीर पोकळीत शिसं ओतायचे किंवा तारेचं कडं अडकवायचे. जास्त भरलं तर एखादं टोक छाटायचे. तेव्हा शेपटी तुटकी दिसली म्हणून हळहळू नका, ती मुद्दाम कापलेली असू शकते. माझ्या मते असा डाग सुबक नक्षीपेक्षा जास्त बोलका.

ओळखीच्या सराफाकडे ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत वजन करून घ्या आणि पोटाकडचा फोटो पाठवा. नुसत्या वजनावरून अस्सल ठरत नाही, पण पोटाकडे शिसं दिसलं तर पुढचं बोलता येईल.