मुलाखत कुठे असते, कुठे नसते : वैद्यकीय प्रवेशाविषयी वाचकांचे प्रश्न

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचा निकाल जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुणांपेक्षा इतर गोष्टींचीच काळजी अधिक असते. यंदाच्या पत्रांपैकी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या आणि अनेकांना उपयोगी पडतील अशा काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाने नीट दिली आहे. त्याला सोलापुरातच एमबीबीएसला प्रवेश मिळावा अशी आमची इच्छा आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांनी ‘कॉलेजात मुलाखत होते, तिची तयारी मी करून घेतो’ असे सांगून पंचवीस हजार रुपये मागितले आहेत. मुलगा हुशार आहे, पण बुजरा आहे. पैसे द्यावेत का?
— एक आई, नीलमनगर

उत्तर : देऊ नका. १९६३ साली सुरू झालेले आपले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की कुंभारीचे खासगी अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, एमबीबीएसच्या प्रवेशासाठी दोन्हीकडे मुलाखत नसते. राज्यात याला ठळक अपवाद म्हणजे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. बाकी सर्वत्र नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते आणि जागावाटप संगणक करतो. कागदपत्रे तपासणाऱ्या टेबलापलीकडची व्यक्ती आपल्या मुलाला ‘मूळ प्रत कुठे आहे?’ याखेरीज फारसे काही विचारणार नाही, आणि तेवढ्याला बुजरेपणा आड येत नाही.

हा गैरसमज अगदीच निराधार मात्र नाही. नीट येण्यापूर्वी काही संस्था आपापल्या पद्धतीने विद्यार्थी निवडत असत. सेवाग्रामला गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका सोडवावी लागे आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन महाविद्यालयाची स्वतःची निवडप्रक्रिया होती. अल्पसंख्याक संस्थांनाही नीट बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिल्यानंतर या वादावर पडदा पडला. आता ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा माणूस एक तर जुन्या आठवणींवर बोलत असतो, नाही तर सरळ लुबाडत असतो. प्रवेशासाठी देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्या गृहस्थांना सांगून पाहावे.

तयारी करायचीच असेल तर ती पसंतीक्रमाची करावी, कारण हाती आलेली जागा निसटते ती बहुधा तिथे. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष) भरतो आणि उरलेल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते. वैशंपायन महाविद्यालयाच्या जागाही अशाच विभागलेल्या असल्यामुळे दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पसंतीक्रम भरताना ‘सोलापूरचा कटऑफ गेल्या वर्षी जास्त होता, ते वर टाकलेत तर नंबर वाया जाईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. मुलाचा गुणवत्ता क्रमांक आला की संगणक त्याची यादी वरून खाली वाचत जातो आणि त्याच्या प्रवर्गाची जागा जिथे प्रथम शिल्लक दिसते ती देतो. वर लिहिलेले महाविद्यालय मिळाले नाही म्हणून खालच्या महाविद्यालयावरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. नुकसान होते ते उलट केल्यास. सोलापूर हवे असताना ‘सुरक्षित’ म्हणून मिरज किंवा धाराशिव पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि पहिल्याच फेरीत तेच मिळाले, तर सुधारून घेण्यासारखे वर काही उरतच नाही.

पहिल्या फेरीत खालच्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तिथे प्रवेश घ्यावा, पण स्टेटस रिटेन्शन फॉर्म लगेच भरू नये. तो भरणे म्हणजे ‘मला हीच जागा पुरे’ असे लिहून देणे होय. न भरल्यास पुढच्या फेरीत वरची जागा मिळू शकते. मात्र ती मिळताच आधीची जागा आपोआप रद्द होते आणि मागे फिरता येत नाही, म्हणून खरोखर हवी असलेलीच महाविद्यालये वर लिहावीत. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. जागांची ७०:३० ही प्रादेशिक विभागणी २०२० मध्ये रद्द झाल्यापासून सोलापूरचा मुलगा लातूरच्या जागेसाठी आणि लातूरचा मुलगा सोलापूरच्या जागेसाठी बरोबरीने स्पर्धेत असतो, त्यामुळे त्याआधीचे कटऑफ आता उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. मुलीचा इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढला आहे, पण वैधता प्रमाणपत्र अद्याप नाही. माझे नाव जुन्या दाखल्यावर ‘श्रीनिवास’ असे तर आधारवर ‘श्रीनिवासुलु’ असे आहे. आमचे आजोबा तेलंगणातून आले. नॉन-क्रिमिलेअर दाखला मुलगी अकरावीत असताना काढला होता. काय करावे?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : सोलापूरच्या पूर्वभागातून, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतून, येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न दर वर्षी असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी वैधता प्रमाणपत्राच्या मागे लागा, कारण सर्वाधिक वेळ त्यालाच लागतो. इतर मागासवर्गासाठी आपले कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात तीच होती, हे पडताळणी समितीपुढे पुराव्यानिशी दाखवावे लागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबा १९६७ च्या बरेच आधी गिरणीत लागले असतील तर प्रश्न कागद शोधण्याचाच उरतो. आजोबा, त्यांचे भाऊ किंवा आपले थोरले काका यांपैकी जो कोणी सोलापुरात शाळेत गेला असेल, त्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी मिळवा. नोंद तेलुगूत असल्यास सोबत मराठी भाषांतर जोडा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाला, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांना, आधी वैधता मिळाली असेल तर ती प्रत आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र यांनी काम पुष्कळ सोपे होते. नुसता अर्ज केल्याच्या पावतीवर शासन काही वर्षी मुदत देते हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये. मुदतीत प्रमाणपत्र न आल्यास आरक्षणाचा दावा टिकत नाही आणि अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो.

नावातील फरकाने घाबरून जाऊ नका. मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर जे आहे ते प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारवरील दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असल्याने ती आधी करा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये ठेवा. मुलीच्या स्वतःच्या नावात फरक असेल तर मात्र तो अंगावर काढू नका. तपासणीच्या दिवशी तो सर्वांत आधी डोळ्यांत भरतो.

नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावरची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्यावरची, तारीख आजच पाहा. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. नसल्यास तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन शासकीय दाखल्यांच्या सेतू केंद्रातून नव्याने अर्ज करा. मर्यादा ८ लाख रुपयांची आहे आणि पगाराचे व शेतीचे उत्पन्न त्यात मोजत नाहीत. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचे प्रमाणपत्र आणि विहित नमुन्यातील वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हेही लागतात. पण ते मिळण्यास अडचण येत नाही.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. मात्र प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातील जागेला ही सवलत नाही.

प्रश्न : माझा भाचा दहावीपर्यंत कर्नाटकातील इंडीला माझ्याकडे राहून शिकला. बारावी त्याने सोलापुरात केली. घर आणि शेती अक्कलकोट तालुक्यात आहे, अधिवासाचा दाखलाही आहे. त्याला राज्याच्या कोट्यातून प्रवेश मिळेल ना?
— एक मामा, इंडी

उत्तर : दुर्दैवाने मिळणार नाही. ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असाव्या लागतात, आणि अधिवासाचा दाखला दहावीची उणीव भरून काढत नाही. बदलीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, पण शेतकरी कुटुंबाला त्या लागू होत नाहीत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी मोजक्या राखीव जागा असतात. त्या जागा तिथल्या रहिवाशांसाठी आहेत, अक्कलकोटकरांसाठी नव्हेत. अखिल भारतीय कोटा, देशभरातील अभिमत विद्यापीठे आणि खासगी महाविद्यालयांतील संस्थेच्या कोट्याच्या जागा हे तीन रस्ते भाच्याला मोकळे आहेत, पैकी पहिलाच सर्वसामान्यांच्या खिशाला परवडणारा आहे. आपल्याकडे सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे मुले शिकायला ठेवण्याची रीत जुनी आहे. धाकटी भावंडे असतील तर त्यांची दहावी सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातच होऊ द्यावी.

प्रश्न : माझे वय २७ आहे. नीट देता येईल का?
— एक परिचारिका, बार्शी

उत्तर : येईल. वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असली की पुरे.

प्रश्न : मी पंढरपूरची आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याची माझी इच्छा आहे. तिथे मुलाखत होते असे ऐकले. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी बोलताना मी अडखळते. अर्ज कसा करावा आणि तयारी कशी करावी?
— एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : तू ऐकलेस ते बरोबर आहे. आधी अर्जाबद्दल सांगतो, कारण पुष्कळ मुले तिथेच चुकतात. नीटचा अर्ज भरला म्हणजे या महाविद्यालयाचा अर्ज झाला असे नाही. निकालानंतर मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तिथे या महाविद्यालयाची निवड करावी लागते. बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण हवी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के गुण हवेत, आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो. भारतीय विद्यार्थ्यांसाठीच्या १४५ जागांपैकी मुलींसाठी ३० असतात, त्यामुळे मुलींची स्पर्धा अधिक कठीण आहे.

नीटच्या गुणांवरून निवडलेल्यांना पुण्याला बोलावतात. तिथे इंग्रजी आकलन आणि तर्क यांची संगणकावरील चाचणी होते. तीत ४० प्रश्न ३० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा होतो. त्यानंतर मानसशास्त्रीय चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत असते. शेवटी वैद्यकीय तपासणी होते.

‘डॉक्टर होऊन समाजसेवा करायची आहे’ हे वाक्य मुलाखतीत म्हणू नकोस असे मी सांगणार नाही, पण त्याच्या पुढच्या प्रश्नाची तयारी ठेव. सेवा तर पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयातही करता येते, मग गणवेश कशाला हवा? या प्रश्नावर घोकलेले उत्तर कोसळते. तू पंढरपूरची आहेस. आषाढीला ६५ एकर परिसरात लाखो वारकरी उतरतात तेव्हा पिण्याचे पाणी, शौचालये, जुलाबाचे रुग्ण, उन्हाने किंवा गर्दीत चक्कर येऊन पडलेली माणसे यांची व्यवस्था कशी लावतात, हे तू वर्षानुवर्षे पाहत आली असशील. मोठ्या जनसमुदायाचे आरोग्य मर्यादित साधनांत आणि शिस्तीने सांभाळणे हा लष्करी वैद्यकाचाही गाभा आहे. तेव्हा पुस्तकी उत्तरापेक्षा हे निरीक्षण अधिक मोलाचे ठरेल. मात्र जे स्वतः पाहिले किंवा केले असेल तेवढेच सांग. आरोग्य शिबिरात केवळ ओआरएसची पाकिटे वाटली असतील तर तेच सांग, कारण मुलाखत मंडळातील अधिकारी दोन उपप्रश्नांत खरेखोटे ओळखतात.

जिल्ह्याविषयी विचारले जाणे स्वाभाविक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले, एवढे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असते. आघाडीवरच्या शल्यचिकित्सेत तेव्हा कोणत्या अडचणी येत, यावर तुला चार वाक्ये बोलता आली तर तो खरा अभ्यास. सोलापूरला येणे झाले तर भैय्या चौकातील त्यांचे स्मारक पाहून ये.

इंग्रजीचे म्हणशील तर अडखळणे हा दोष मानू नकोस. न समजलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर देणे हा दोष आहे. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्याची नम्रपणे विनंती करावी. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून तिचा आशय इंग्रजीत मोठ्याने सांग, आणि मैत्रिणीला मध्येच थांबवून ‘का?’ असे विचारायला सांग. लहान वाक्ये बोल. पाठ केलेली लांब वाक्ये मधे तोडली गेली की पुन्हा जुळत नाहीत.

शिक्षण संपल्यावर लष्करात सेवा करण्याचा बॉण्ड असतो आणि तो मोडल्यास मोठी रक्कम भरावी लागते. अर्ज करण्यापूर्वी आईवडिलांसह तो वाचून काढ, कारण त्यावरही विचारणा होऊ शकते आणि तिथे ‘घरी विचारून सांगते’ हे उत्तर शोभत नाही. वैद्यकीय तपासणीचे निकष कडक असल्याने चष्म्याचा नंबर, कान आणि दात आताच तपासून घे. पुण्याची निवड यादी लागेपर्यंत सीईटी सेलकडची नोंदणी आणि पसंतीक्रमही भरून ठेव. त्या मुदती पुण्याच्या निकालासाठी थांबत नाहीत.