लाईट गेली की फरशीवर पाणी

घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांची आणि प्रवाळांची काचेची टाकी आहे. रात्री लाईट गेली की सकाळी फरशीवर पाणी. टाकी कुठेच गळत नाही. मग हे येतं कुठून? (रत्नागिरी)

खालच्या सम्पमधून, म्हणजे टाकीखालच्या ज्या दुसऱ्या टाकीतून पंप पाणी वर चढवतो तिच्यातून. पंप थांबला की वर पाणी नेणारा पाइप उलटा वाहू लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. 120 × 45 सेमीच्या टाकीत हे तोंड 10 सेमी बुडालेलं असेल तर 54 लिटर खाली येतं. 90 × 40 सेमीच्या सम्पमध्ये पातळी 15 सेमी चढते, आणि एवढी जागा सहसा कोणी सोडत नाही.

पाण्याच्या पातळीखाली जेमतेम 1 सेमीवर त्या पाइपाला 4-5 मिमीचं भोक पाडा. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. शेवाळाने ते बुजतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी काडी घाला. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. चुन्याचा थर किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो नीट मिटत नाही.

मग पंप बंद करा, वरून येणारं पाणी पूर्ण थांबू द्या आणि सम्प काठाखाली 3 सेमीपर्यंत भरा. पंप चालू केल्यावर पातळी जिथे स्थिरावेल तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर कधीही भरायचं नाही.

वाफ होऊन उडालेल्या पाण्याजागी गोडं पाणी आपोआप भरणारा फ्लोट अडकला आणि सम्प ओसंडला. दुसरा फ्लोट लावू का? (मालवण)

लावा, थोडा वर. पण खरा उपाय म्हणजे फ्लोटला गोडं पाणी पुरवणारं लहान पिंप. रेघेच्या वर सम्पमध्ये जेवढी जागा उरते, त्यातून लाईट गेल्यावर उतरणारं पाणी वजा करा. पिंपात त्याहून जास्त पाणी नको. थेट नळाला तर जोडूच नका. पूर येतोच, शिवाय क्षारता (पाण्याचा खारेपणा) घसरते: 200 लिटरमध्ये 20 लिटर गोडं पाणी शिरलं की दर हजारी 35 ची जवळपास 32 होते. प्रवाळांना हा धक्का जड जातो.

पावसाळ्यात टाकीच्या तळाशी ओल दिसते. काचा जोडणारं सिलिकॉन गेलं का? (वेंगुर्ला)

आधी जीभ लावून बघा! चिलरने पाणी 25 अंशांवर ठेवलं असेल तर आपल्या दमट हवेत काचेला घाम फुटतो. तो अळणी असतो. खारट लागलं, पुसल्यावर त्याच जागी पांढरी खर धरली, तर गळती. मात्र वरच्या काठावरून मीठ रांगत खाली येतं, तेही तपासा. सांधा गेलाच असेल तर बाहेरून सिलिकॉन थापू नका, जुन्यावर नवं धरत नाही. टाकी रिकामी करून आतलं सगळं ब्लेडने खरवडावं लागतं.

वायरवर मीठ साचतं. धोका? (देवगड)

हो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. फरशीवर पाणी दिसलं तर पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद.