पणजोबांच्या भावंडांची वये

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पणजोबा रोज तूप-साखर खात, दिवसाला बिडीचे एक बंडल संपवत आणि तरीही नव्वदी ओलांडून गेले, मग मीच पथ्य का पाळू, हा तुझा प्रश्न मला टाळता येणार नाही. अशी माणसे खरोखरच असतात. फ्रान्समधील आर्ल गावच्या जान काल्माँ 1875 मध्ये जन्मल्या आणि 1997 मध्ये, वयाच्या 122व्या वर्षी वारल्या. चॉकलेट त्यांना अतिशय प्रिय होते आणि सिगारेट तर त्यांनी शंभरीनंतरही ओढली. मात्र त्या सधन घरातल्या होत्या, पोटासाठी त्यांना कधी राबावे लागले नाही आणि म्हातारपणीही त्या सायकल चालवत, हे सांगायचे बहुतेकांकडून राहून जाते.

2011 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी पंचाण्णव व त्याहून अधिक वयाच्या 477 ज्यू स्त्री-पुरुषांच्या पूर्वीच्या सवयींची तुलना त्यांच्याच पिढीतील सामान्य लोकांशी केली, तेव्हा आहार, व्यायाम, धूम्रपान यांत दीर्घायुषी मंडळी काही अधिक शिस्तीची आढळली नाहीत. यावरून सवयींना महत्त्व नाही असे तू म्हणशील, आणि नेमकी तिथेच तुझी गफलत होईल, कारण त्याच सवयींचे बाकीचे लोक कधीच मरून गेले होते. या मंडळींना तारले ते मुख्यतः जन्मजात देणगीने. त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तातील चरबी वाहणारे कण आकाराने मोठे असतात आणि त्यामागे एक विशिष्ट जनुक आहे, हे याच गटाने आधी दाखवले होते.

ही देणगी तुझ्याकडे आली असेलच असे नाही. पणजोबांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्साच तुझ्यात उतरतो. शिवाय ते रोज शेतावर चालत जात आणि तू दिवसभर खुर्चीत बसतोस. सडपातळ असल्याचाही भरवसा धरू नकोस. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3 होता, पण शरीरातील चरबी युडकिनांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली.

आता एक काम कर. आजीजवळ बसून पणजोबांना भावंडे किती होती, त्यांतले कोण कितव्या वर्षी आणि कशाने गेले, हे विचारून वहीत लिहून काढ आणि ती वही घेऊन दिवाळीत माझ्याकडे ये.

तुझे सर