भावाच्या स्मृतीची शिष्यवृत्ती कोणाला द्यावी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. गेल्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच विभागात दरवर्षी पहिल्या येणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्याच्या नावाने शिष्यवृत्ती द्यावी, असे आम्हा भावंडांना वाटते. त्यासाठी ५ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या संकल्पाविषयी मनापासून आदर वाटतो. ही रक्कम विद्यापीठाकडे कायम ठेव म्हणून सोपवावी आणि मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी, असे लेखी ठरवून घ्यावे. सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ३०,००० रुपये मिळतील. दर बदलत असल्यामुळे अटींत आकडा न घालता ‘त्या वर्षीचे व्याज’ असे नोंदवावे.

‘पहिला येणारा’ ही अट मात्र आपण सोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पैशाची खरी निकड निकालानंतर नव्हे, तर क्षेत्रकार्याच्या वेळी भासते. शाहूवाडी किंवा राधानगरीच्या डोंगरातील एखाद्या धनगरवाड्यावर काही आठवडे राहून तेथील नातेसंबंध, जमीन, जनावरे आणि जत्रा यांच्या नोंदी करायच्या, तर प्रवासाचा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च येतो, आणि ज्याच्या घरी तेवढी ऐपत नाही तो विद्यार्थी नाइलाजाने जवळचा, थोड्या दिवसांत उरकणारा विषय निवडतो. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी त्या लोकांपर्यंत गेल्यावाचून होणे शक्यच नव्हते. म्हणून विद्यार्थ्याचा संशोधन आराखडा आणि घरची परिस्थिती पाहून, तो गावी निघण्यापूर्वीच ही रक्कम त्याच्या हाती पडावी.

जिल्ह्याची अटही थोडी सैल करावी. एखाद्या वर्षी विभागात कोल्हापूरचा विद्यार्थीच नसेल, तर व्याज तसेच पडून राहील. त्याऐवजी कोल्हापूर जिल्ह्यात क्षेत्रकार्य करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला प्राधान्य द्यावे. विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली तरच शिक्षण होते, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून ज्या शहरात वसतिगृहे उभी राहू दिली, त्या शहरातील कुटुंबाला हे वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधिकेची एक प्रत आपल्याला द्यावी आणि दुसरी, लोकांची खासगी माहिती वगळून, त्या गावच्या वाचनालयात ठेवावी, एवढी अट अवश्य घालावी.