तीन कार्बनात भागवा!

प्रश्न : सर, बीएस्सीला आहे, नागपुरात धरमपेठेत राहतो. पेपरात येतं की तीन किंवा कमी कार्बनच्या अल्कोहोलपासून ३-हेक्झॅनोन (सहा कार्बनचं कीटोन) बनवा. रिअ‍ॅक्शन्स पाठ आहेत पण सुरुवातच सुचत नाही.

उत्तर : काहून घाबरता, बनवायच्या पदार्थापासून उलटं चाला ना! अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरे साहेबांना १९९० चं नोबेल अशाच उलट्या प्लॅनिंगसाठी मिळालं. कीटोन दिसलं की आधी त्याचं अल्कोहोल करा, म्हणजे ३-हेक्झॅनॉल, मग ओएचवाल्या कार्बनचा बाजूचा बाँड असा तोडा की दोन्हीकडे तीन-तीन कार्बन उरतील, एक तुकडा प्रोपॅनाल, दुसरा प्रोपिल ग्रिग्नार्ड (कार्बनला मॅग्नेशियम जोडलेला रिएजंट), आणि गंमत म्हणजे दोन्ही १-प्रोपॅनॉलपासूनच निघतात. अर्ध्याला पीसीसी, म्हणजे प्रोपॅनालवरच थांबणारं सौम्य ऑक्सिडायझर (क्रोमिक अ‍ॅसिड नको, ते पार प्रोपॅनॉइक अ‍ॅसिडपर्यंत नेतं), अर्ध्याला फॉस्फरस ट्रायब्रोमाइड म्हणजे प्रोपिल ब्रोमाइड मिळेल, मग त्याला कोरड्या इथरमध्ये मॅग्नेशियम. दोन्ही जोडा, पातळ अ‍ॅसिड टाका, शेवटी ऑक्सिडेशन, झालं.

पेपरात ‘कोरडं इथर’ लिहायला विसरू नका, पाणी असलं तर ग्रिग्नार्डचा नुसता प्रोपेन होतो. आणि लॅबमध्ये करणार असाल तर इथर साधारण ३५ अंशाला उकळतं, आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली बर्फात थंड करूनच उघडा, आणि आसपास बर्नर नको म्हणजे नकोच.