तत्त्वज्ञानात पदवी घेऊन हाताला नेमकं काय लागतं?

पदवीला तत्त्वज्ञान घ्यायचंय, पण 'त्यातून येणार काय?' या घरच्यांच्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी हाच विषय घेतला होता, नोकरी मात्र भलत्याच क्षेत्रात करतो. 'विचारशक्ती वाढते' हे उत्तर मीही देऊन पाहिलं होतं, कुणाला पटलं नाही.

मी शिकलो ते मुख्यतः सावकाश वाचायला. अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांचा १९६३ सालचा लेख जेमतेम तीन पानांचा. एखादी गोष्ट खरी आहे, आपल्याला ती पटलीय आणि पटायला सबळ कारणही आहे, तर ते ज्ञान, ही व्याख्या त्यांनी अडचणीत आणली. एका उमेदवाराला खात्रीलायक कळतं की नोकरी दुसऱ्याला मिळणार. त्या दुसऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत, हेही त्याने मोजलेलं असतं. म्हणजे 'नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत'. प्रत्यक्षात नोकरी यालाच मिळते आणि, त्याच्या नकळत, याच्याही खिशात दहाच नाणी निघतात. वाक्य खरं, कारणही होतं. मग त्याला ते 'माहीत होतं' म्हणायचं का? या तीन पानांवर आमचे दोन आठवडे गेले. मी ऐटीत व्याख्येला चौथी अट जोडली, वर्गातल्या एकीने ती पाच मिनिटांत मोडली. आपली लाडकी कल्पना चारचौघांत मोडली तरी रागावायचं नाही, हे तिथे अंगवळणी पडलं.

दुसरं म्हणजे पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडणं. चार्वाकांवरच्या (प्रत्यक्ष अनुभवालाच प्रमाण मानणारे प्राचीन भारतीय विचारवंत) पहिल्या निबंधात मी त्यांना एका परिच्छेदात निकालात काढलं: अनुमान नाकारणारा स्वतःच अनुमान वापरतो, संपलं. बाईंनी समासात लिहिलं, 'हे आपलं म्हणणं आहे असं चार्वाक कबूल करेल का?' नव्याने लिहायला बसलो तेव्हा त्यांचा मुद्दा दिसला. धूर तिथे अग्नी, हे आपण पाहिलं तेवढ्या ठिकाणांपुरतंच. न पाहिलेल्या ठिकाणांचं काय? तो नियम अनुमानानेच सिद्ध करायचा, तर त्या अनुमानालाही पुन्हा तसाच नियम लागणार. (स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये याच्या बरंच जवळ जाणारा प्रश्न विचारला.) आजही कुणाचा प्रस्ताव खोडण्याआधी मी त्यालाच लिहून विचारतो, 'तुमचं म्हणणं असंच ना?' बऱ्याचदा चूक माझ्याच वाचण्यात निघते.

तर्कशास्त्राची सत्यता-कोष्टकं (जोडलेलं विधान केव्हा खरं, केव्हा खोटं हे दाखवणारे तक्ते) मला रटाळ वाटली. पुढे प्रोग्रामिंग शिकताना मात्र ती कामी आली.

तोटाही सांगतो. पहिल्या वर्षी तुम्ही घरात प्रत्येक वाक्याला 'म्हणजे नेमकं काय?' विचाराल आणि लोक वैतागतील. शिवाय नुसती पदवी पाहून नोकरी क्वचितच मिळते. सोबत संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग, एखादी भाषा, काहीतरी घ्याच. मी ते पदवीनंतर शिकलो, त्यात दोन वर्षं गेली.